फ्रीझरमधली फुलं

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात बुटांचं खोकं होतं आणि खोक्यात घुबड होतं. मेलेलं घुबड. प्रेमकथेची सुरुवात अशी होत नसते हे मलाही ठाऊक आहे. पण ती झाली तशीच, त्याला मी तरी काय करणार?

दुपारची वेळ होती. गावातल्या त्या निसर्ग संग्रहालयात दुपारी कोणी फिरकत नसे. तिकीट खिडकीत बसणाऱ्या मावशींना नुकतीच डुलकी लागली होती. त्यांनी एक डोळा उघडून खोकं पाहिलं, दुसरा उघडून खोकं आणणारा पाहिला, आणि जांभई देत सांगितलं की असलं काही असेल तर मागच्या बाजूला जा, निळं दार आहे, तिथं ती असेल.

ती म्हणजे आपली नायिका. तिचं काम सांगितलं की लोक दोन पावलं मागे सरकायचे. मेलेले पशुपक्षी स्वच्छ करायचे, टिकवायचे, आत लाकडाचा भुसा भरायचा, काचेचे डोळे बसवायचे आणि आत्ता उडतील की मग उडतील असे उभे करायचे. गावात तिला 'पेंढा भरणारी' म्हणत. पेंढा हल्ली कोणी भरत नाही हे सांगून सांगून ती थकली होती. आईचं दुःख तर विचारूच नका. शेजारणीची मुलगी बँकेत, बहिणीची मुलगी शाळेत, आणि आमचं रत्न काय करतं, तर कोल्ह्याचे कान शिवतं, असं आई येईल त्याला ऐकवायची.

निळं दार उघडलं, खोकं टेबलावर आलं, तिनं झाकण काढलं आणि तिचा चेहराच बदलला.

"किती सुंदर आहेस रे तू!"

हे ती घुबडाला म्हणाली. आणणाऱ्याकडे तिनं अजून पाहिलंही नव्हतं. संग्रहालयातलं घुबड फार जुनं, त्याच्या डोक्यावरची पिसं कधीच झडलेली, आणि शाळेची मुलं त्याला बघून हसायची. चांगल्या घुबडाची वाट पाहून तिचे डोळे शिणले होते. तिनं एक पंख हलकेच उलगडला. मऊ, कणकेच्या रंगाची पिसं, त्यावर बारीक तपकिरी ठिपके. मग तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. कोणीही काहीही आणून दिलं की ती हेच विचारायची, इतक्या वर्षांत तोंडाला वळणच पडलं होतं.

"कुठे सापडलं? केव्हा? कशानं गेलं?"

"नदीच्या रस्त्यावर. काल संध्याकाळी. गाडीची धडक बसली होती." मग जरा थांबून, "मी जनावरांचा डॉक्टर आहे. पुष्कळ खटपट केली, पण... नाही वाचलं. पुरायला खड्डासुद्धा खणला होता. आत ठेववेना."

तेव्हा कुठे तिनं मान वर केली. बोटांवर मांजरांचे ओरखडे, बाहीवर कुत्र्याचे केस, आणि डोळे असे, की एका घुबडासाठी ते ओले झाले होते आणि ते कोणाला कळू नये असं त्यांना वाटत होतं. ती त्या डोळ्यांकडे पाहतच राहिली. असं काचेचे डोळे बघून कधी झालं नव्हतं.

मग तिनं नेहमीसारखं घुबड पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पांढऱ्या फ्रीझरमध्ये ठेवून झाकण लावलं.

आता या फ्रीझरचं तुम्हाला सांगायला हवं. संग्रहालयाचा खरा शत्रू चोर नाही, कसर, म्हणजे लोकर-पिसं खाणारे बारीक किडे. कधीकाळी एका पाहुण्याच्या लोकरी शालीतून ती आत शिरली आणि एक अख्खं अस्वल खाऊन मोकळी झाली. तेव्हापासून दंडकच होता. बाहेरून आलेली पिसं, लोकर, कातडं, पानं, फुलं, जे जे किड्यांच्या पोटात जाऊ शकतं किंवा ज्यातून किडे येऊ शकतात, ते आधी पिशवीत, पिशवी फ्रीझरमध्ये, तिथं पंधरवडाभर मुक्काम, आणि मगच घरात प्रवेश. यातून कोणाला सूट नाही. खुद्द संचालकांची लोकरी टोपी एकदा तिथं जाऊन आली होती. डॉक्टरला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, मेलेलं आहे, गार जागी ठेवायचं, त्यात विचारायचं काय? त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

जाता जाता तो म्हणाला की याच गावात लहानाचा मोठा झालो, पण शाळेच्या सहलीनंतर इकडे पाऊल टाकलं नाही. तिनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. "चला, दाखवते."

तशी ती कोणाला हिंडवून दाखवायची नाही. पाहुणे दिसले की निळं दार लावून घ्यायची. पण त्या दिवशी ती सगळ्या दालनांतून फिरली. नदीकाठच्या मातीत सापडलेला जुन्या काळच्या हत्तीचा दात, टेकडीवरचे रंगीत दगड, सागवानी खणांत टाचलेली फुलपाखरं. छताच्या काचेतून ऊन तिरपं उतरत होतं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास सगळीकडे भरून राहिला होता. या वासाची तिला एरवी कधी लाज वाटली नव्हती. आज मात्र तिनं हळूच आपली बाही हुंगून पाहिली.

कोल्ह्याच्या कपाटापुढे डॉक्टर थबकला. "याची दाढ दुखत असणार."

"काहीतरीच."

"बघा ना चेहरा. माझ्याकडे असता तर दोन दिवसांत बरा केला असता."

"तुमचे पेशंट बरे होतात आणि तोंड फिरवून निघून जातात," ती म्हणाली. "माझे बघा. एकदा आले की कधी सोडून जात नाहीत."

तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात... पण रिकाम्या दालनात ते हसणं बराच वेळ ऐकू येत राहिलं, निदान तिला तरी.

त्यानंतर तो येऊ लागला. रिकाम्या हातानं यायचं कसं, म्हणून दर वेळी काहीतरी घेऊन यायचा. एकदा तारेला लागून पडलेला खंड्या आणला, एकदा विहिरीत बुडालेली खार, तर एकदा म्हाताऱ्या साळिंदराचे गळलेले काटे, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. दर वेळी ती तेच प्रश्न विचारी, तो शहाण्या विद्यार्थ्यासारखी उत्तरं देई, पिशवी फ्रीझरमध्ये जाई, आणि मग चहा होई. चहा थंड व्हायचा, बोलणं संपायचं नाही. खारीच्या शेपटीवरून सुरू झालेलं बोलणं त्याच्या लहानपणी पाळलेल्या कासवापर्यंत जायचं आणि तिथून तिच्या वडिलांच्या घोरण्यापर्यंत यायचं.

मावशींच्या नजरेतून काही सुटत नसे. तो फाटकातून आत आला की त्या खिडकीतूनच गाणं गुणगुणायला लागत. तिकीट तर त्यांनी त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं, कारण तो माल पोचवायला येतो, असं त्यांचं म्हणणं.

घरीही कुणकुण लागली. आईनं एक दिवस पोळपाट बाजूला सारून विचारलंच, की तो मुलगा येतो म्हणे तुझ्याकडे, काही आणतो का कधी? तिनं खरं ते सांगितलं. आई म्हणाली, "खार? मेलेली?" आणि देवाघरी गेलेल्या खारीपेक्षा आपल्या मुलीचंच वाईट वाटून तिनं डोळ्याला पदर लावला. वडील मात्र पेपरामागून म्हणाले की माणूस चांगला दिसतोय.

पण माणूस चांगला असला म्हणजे गोष्टी सरळ होतात असं थोडंच आहे?

एका दुपारी तो हातात काही न घेता आला. खुर्चीत बसला, उठला, परत बसला. मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयातून त्याला बोलावणं आलं होतं. तिथं वाघ होते, पाणघोडे होते, राहायला घर होतं. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

ती त्या वेळी खंड्याची चोच चिकटवत होती. आतून एकच शब्द वर येत होता, 'नको'. नको जाऊस, नका जाऊ, कसंही म्हणा. पण तिला मेलेल्यांशी तासन् तास बोलता यायचं आणि जिवंत माणसापुढे तोंडाला कुलूप लागायचं.

"वा," ती म्हणाली. "छान आहे की."

"तुम्हाला काय वाटतं... जावं?"

"अनुभव चांगला मिळेल."

त्यानं खुर्ची मागे सारली. मग "हो, ते तर आहेच," असं म्हणून उठला. तो गेल्यावर तिनं पाहिलं तर खंड्याची चोच वाकडी चिकटली होती. उरलेली दुपार ती सोडवण्यात गेली, आणि स्वतःला शिव्या घालण्यात.

शुक्रवारी तो पुन्हा आला. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, बाहीवर एकही केस नाही. आणि हातात फुलं. पिवळी, टपोरी, देठांना ओला कागद गुंडाळलेली, मोठा थोरला गुच्छ. मावशी म्हणे खुर्चीतून उभ्या राहिल्या होत्या.

निळ्या दारात तो उभा राहिला. फुलं तेवढी पुढे केली.

तिला सगळं कळलं, हो. अगदी क्षणात कळलं. ही फुलं कशाची, उद्या शनिवार म्हणजे काय, आणि आपण आता काय म्हणायचं, हे सगळं तिला कळलं आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यातलं सगळं पार पुसून गेलं. अशा वेळी माणसाचं डोकं जागेवर नसतं, हात आपले नेहमीचं काम करत राहतात आणि तोंडही त्यांच्या मागून जातं. तर तिच्या तोंडून आलं...

"कुठे सापडली?"

तो गोंधळला. "सापडली नाहीत. आणलीत. तुमच्यासाठी."

"केव्हा?"

"आत्ता. येताना."

तिसरा प्रश्न तिनं ओठांवर आला तसा गिळला, एवढं नशीब. पण हात थांबले नाहीत. फुलं पिशवीत गेली, पिशवीला गाठ बसली, फ्रीझरचं झाकण उघडलं, आणि घुबडाच्या नंतर आलेल्या एका पारव्याच्या शेजारी, खारीच्या पायाशी, पिवळा गुच्छ जाऊन बसला. झाकण पडलं. त्याचा आवाज खोलीभर झाला.

डॉक्टर त्या बंद झाकणाकडे पाहत राहिला. "बरं," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "समजलं. येतो मी."

"अहो, फुलं आत चालत नाहीत..." ती म्हणाली. बघा! शेकडो शब्द होते भाषेत, आणि तिला हे सापडले.

तो गेला. ती तिथंच उभी राहिली, जागेवर खिळल्यासारखी. थोड्या वेळानं मावशी धावतपळत आल्या. तो पोरगा एवढंसं तोंड करून फाटकाबाहेर पडला, गं, काय झालं? तिनं फ्रीझरकडे बोट दाखवलं. मावशींनी झाकण उघडून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"माझे आई, त्याला वाटलं असेल तू त्याची फुलं मेलेल्यांत नेऊन टाकलीस."

"पण तो नियम आहे, मावशी."

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्या टोपीवाल्या साहेबांना माहीत आहे. त्याला कोणी सांगितलं होतं?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. खरंच, कोणी सांगितलं होतं? त्यानं आजवर त्या झाकणाखाली मेलेलं-गळलेलं सोडून काही जाताना पाहिलंच नव्हतं. उद्या तो शहरात हो म्हणून कळवणार, आणि आपण इथं कोल्ह्याचे कान शिवत बसणार. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आईनं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मी मूर्ख आहे, आणि आईला पहिल्यांदाच आपल्या लेकीचा राग न येता मायेनं भरून आलं.

शनिवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच ती तिथं पोचली. तरी रांग होतीच. बाकावर पिंजऱ्यातला पोपट घेतलेले एक आजोबा, पायाला फडकं बांधलेला कुत्रा आणि त्याचा मालक, आणि टोपलीत करड्या रंगाची मांजर घेऊन बसलेल्या एक आजीबाई. आजीबाई तिच्या मागोमाग आल्या होत्या, म्हणून तिचा नंबर त्यांच्या आधी.

आजीबाईंनी तिच्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं, बाकाखाली डोकावून पाहिलं.

"तुमचं कुठाय?"

"माझं... नाही आणलं."

"घरी आहे? फार आजारी आहे का?" आजीबाईंचा आवाज लगेच मऊ झाला. तिनं मान हलवली, म्हटलं तर हो, म्हटलं तर नाही. आजीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सगळं ठीक होईल, आपला डॉक्टर देवमाणूस आहे, असा धीर दिला. ते ऐकून तिला रडूच यायला लागलं.

पोपट गेला, कुत्रा गेला. दार उघडलं आणि डॉक्टरनं पुढचं कोण म्हणून बाहेर डोकावलं. तिला बघून तो दारातच थांबला.

"तुम्ही?" मग जरा सावरून, कामाच्या आवाजात, "काही झालंय का तिकडे? कोणी आजारी?"

"आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही," ती म्हणाली. "ती वेळ सगळ्यांची होऊन गेलीय."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तो हसला नाही. आत या, असंही म्हणाला नाही. मग तिनंही वाट पाहिली नाही. रात्री पाठ केलेलं सगळं विसरलं होतं, ते बरंच झालं. बाकावरून उठून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"फुलं मी टाकली नाहीत. तो फ्रीझर मेलेल्यांसाठी नाहीये. म्हणजे मेलेले असतात त्यात, पण म्हणून नाही... बाहेरून आलेल्यात कसर असते ना, ती तिथं मरते. म्हणून जे जे आम्हाला ठेवून घ्यायचं असतं ते आधी तिथं जातं. नको असलेलं आम्ही दारातूनच परत करतो." तिनं श्वास घेतला. "कोणाचं काय काय मी दारातूनच परत केलंय. तुमचं आजपर्यंत एकही नाही. मला ती फुलं ठेवून घ्यायची होती. आणि परवा ते अनुभव वगैरे म्हणाले ना, ते खोटं होतं. तुम्ही जाऊ नका. तुम्ही मला फार आवडता."

आजीबाई बाकावर पुढे सरकून बसल्या. टोपलीतल्या मांजरीनंसुद्धा कान टवकारले.

डॉक्टरनं दाराची चौकट धरली. "म्हणजे... मलाही ठेवून घ्यायचं असेल, तर पंधरवडाभर?"

"नियम सगळ्यांना सारखा."

आता मात्र तो हसला. तेच नाकातल्या नाकात. पण मग लगेच गंभीर झाला आणि खाली बघत म्हणाला, "मी सकाळीच त्यांना फोन केला."

तिच्या काळजात धस्स झालं. सकाळीच. म्हणजे आपण इथं बाकावर बसून होतो तेव्हा.

"येत नाही म्हणून कळवलं."

"पण काल तर मी... तुम्हाला तर वाटलं होतं की मी नाही म्हटलं."

"हो, तसंच वाटलं. रात्रभर तेच धरून बसलो होतो." त्याचा कान लाल झाला होता. "मग म्हटलं, तिला फुलं नको असतील तर नकोत. घुबडं तर घेते ना? खारी घेते, खंड्या घेते. कधी काही सापडलं की जाता येईल, ती विचारेल, कुठे सापडलं, केव्हा, कशानं गेलं... आपण सांगू. वर्षातून चारदा का होईना. वाघ तिकडे बरेच आहेत हो, पण असं विचारणारं कोणी नाही."

तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळेना. तिनं डोळे पुसायला हात वर केला, तो त्याच्या हातात सापडला. ओरखड्यांचा, औषधाच्या वासाचा, गरम हात. दोघं तशीच दारात उभी राहिली, त्याचा अंगठा तिच्या मनगटावर, आणि नाडी अशी पळत होती की कुठल्याही डॉक्टरनं काळजी करावी.

आजीबाईंनी थोडा वेळ थांबून पाहिलं. मग आणखी थोडा. शेवटी टोपली उचलून त्या दोघांच्या मध्ये धरत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तिचं सगळं व्यवस्थित आहे, मला इथूनसुद्धा दिसतंय. आजारी माझी मांजर आहे."

"हो, हो, या ना आत," डॉक्टर म्हणाला, आणि एका हातानं टोपली घेतली. दुसरा हात काही त्यानं सोडला नाही, त्यामुळे त्या दिवशी मांजर तपासायला तिघं आत गेली.